उन्हाळा आणि घरांतलीं तान्हीं मुलें

ग्रीष्माचें वर्णन आमच्या कवींनीं पुष्कळ केलें आहे. कालिदासानें 'ऋतुसंहारा'चा आरंभच ग्रीष्मापासून केला. आणि वैद्यांनीं हा ऋतु आदानकालांत गणून, या दिवसांत सूर्य प्राणिमात्रांचें बळ शोषून घेतो असें सांगितलें. चरकसंहितेच्या सूत्रस्थानांत ऋतुचर्येचा जो अध्याय आहे, त्यांत ग्रीष्मांत दिवसा थंड घरांत विसावा घ्यावा, रात्रीं मोकळ्या वाऱ्यावर गच्चींत निजावें, व्यायाम वर्ज्य करावा, अशा आशयाचा उपदेश आहे. परंतु हा उपदेश ज्यास स्वतःस हलतां-बोलतां येतें त्यास उद्देशून आहे. मोठा माणूस तहान लागली तर पाणी मागतो, ऊन लागलें तर सावलीस सरकतो, आणि अंगांतला सदरा नकोसा झाला तर काढून खुंटीस अडकवितो. पाळण्यांतल्या मुलास यांतलें कांहींच करतां येत नाहीं. त्याची तहान ओळखणें, त्याची सावली शोधणें आणि त्याच्या अंगावरचें वस्त्र उतरविणें हीं कामें सर्वस्वीं घरांतल्या मोठ्या माणसांचीं आहेत. तीं कशीं करावीं, याविषयीं चार शब्द लिहिण्याचें आम्हीं योजिलें आहे.

चैत्र-वैशाख आला म्हणजे ज्या घरांत तान्हें मूल असतें, त्या घरांत बहुधा एक वाद उद्भवतो. आजी म्हणते, "बाळाचा घसा सुकला असेल, दोन चमचे पाणी पाज." सून म्हणते, "आई, डॉक्टरांनीं पाणी देऊं नका म्हणून बजावलें आहे." सून पंखा लावते, बाळाला वारा लागेल म्हणून आजी तो बंद करते. दोघींच्याही मनांत बाळाचें कल्याणच असतें, आणि तरीहि घरांत दोन दिवस अबोला राहतो. आमच्या मतें या वादांत कोणताही एक पक्ष सर्वस्वीं खरा नाहीं. कांहीं ठिकाणीं आजीचें शास्त्र अद्यापि खरें ठरतें, कांहीं ठिकाणीं तें आदरपूर्वक बाजूस ठेविलें पाहिजे. नुसता नियम पाठ केला तर विसरतो, पण त्याची उपपत्ति कळली म्हणजे तो टिकतो, असा आमचा शिक्षकाच्या धंद्यांतला अनुभव आहे. म्हणून प्रथम कारण पाहूं.

लहान मूल म्हणजे मोठ्या माणसाची लहान प्रत नव्हे. वजनाच्या मानानें त्याच्या कातडीचा विस्तार मोठ्या माणसापेक्षां पुष्कळ अधिक असतो. त्यामुळें सभोंवतालची हवा अंगाहून अधिक तापली म्हणजे ती उष्णता त्याच्या शरीरांत झपाट्यानें शिरते. घाम येऊन तो वाळणें हा शरीर थंड ठेवण्याचा मुख्य उपाय. पण मुलांस घाम कमी येतो, आणि नवजात अर्भकास तर फारच थोडा. शिवाय अंगांतला पाण्याचा सांठा लहान, आणि एकदोन जुलाब झाले तरी तो सांठा लागलीच उणा पडतो. थोडक्यांत, ज्या दुपारीं आपणांस केवळ उकडतें, त्याच दुपारीं त्याच खोलींत तान्ह्या मुलास ताप चढूं शकतो.

मूल कोणत्या खोलींत निजतें याला किती महत्त्व आहे, तें एका उदाहरणावरून ध्यानांत येईल. २०१० सालच्या मे महिन्यांत अहमदाबादेस उष्णतेची मोठी लाट आली. २१ मे रोजीं पारा ४६.८ अंशांवर गेला. तेथील एका सार्वजनिक रुग्णालयांत नवजात अर्भकांच्या अतिदक्षता विभागांत उष्णतेनें आजारी पडलेलीं मुलें येऊं लागलीं. संशोधकांनीं पुढें नोंदी तपासून २०१४ सालीं निष्कर्ष प्रसिद्ध केले. दिवसाचें उष्णतामान ४२ अंशांच्या वर एकेक अंश चढत गेलें, तसतशी अशा दाखल होणाऱ्या अर्भकांची संख्या सुमारें ४३ टक्क्यांनीं वाढत गेली होती. बाळंतिणींचा कक्ष वरच्या मजल्यावर होता. त्या उन्हाळ्यानंतर तो खालच्या मजल्यावर आणला, आणि अशा आजारी अर्भकांचें प्रमाण पुष्कळच घटलें. नवें औषध नाहीं, नवें यंत्र नाहीं. खाटा आणि पाळणे तेवढे खालीं आणले! त्याच शहरानें २०१३ सालीं उष्णतेच्या लाटेशीं सामना देण्याची योजना आंखली. दक्षिण आशियांतील ती पहिली योजना होय.

आमच्या जुन्या वाड्यांत बाळंतीण माजघराशेजारच्या अंधाऱ्या खोलींत असे. भिंती मातीच्या व हातभर जाड, जमीन शेणानें सारवलेली, वर माळा. दुपारचें ऊन तेथवर पोंचतच नसे. आज आपण त्याच बाळंतिणीस चौथ्या मजल्यावर, उघड्या स्लॅबखालीं ठेवतों. सिमेंटचा स्लॅब दिवसभर तापतो आणि सांठविलेली उष्णता रात्रीं खोलींत सोडतो. त्यामुळें सूर्य मावळला तरी खोली निवत नाहीं. यास्तव ज्या घरीं मूल आहे त्यांनीं चैत्रांतच घराची पाहणी करावी. पश्चिमेची भिंत ज्या खोलीस आहे ती खोली टाळून पाळणा उत्तरेच्या किंवा पूर्वेच्या खोलींत न्यावा. गच्चीस चुन्याचा पांढरा हात द्यावा. पांढऱ्या रंगावरून ऊन परतून जातें. खिडकीच्या आंत पडदा लावण्यापेक्षां बाहेरून तट्ट्या किंवा चटई सोडली तर अधिक उपयोग होतो, कारण ऊन कांचेच्या आंत शिरल्यावर अडविण्यांत फारसा अर्थ नाहीं. खिडक्या रात्रीं व पहाटे सताड उघडाव्या आणि बाहेरची हवा आंतल्याहून तापली कीं मिटून घ्याव्या. आणि एवढें करूनही खोली भट्टीसारखी होत असेल, तर खालच्या मजल्यावरच्या शेजाऱ्यांकडे दुपारचे चार तास बाळाला नेण्यास संकोच कसला? शेजारधर्म म्हणतात तो यासाठींच.

आतां बाळंतिणीच्या खोलीकडे वळूं. न्हाणें झालें कीं बाळाला शेक द्यावयाचा, ओव्याची वा बाळंतशेपेची धुरी द्यावयाची, कुंची घालून दुपट्यांत घट्ट गुंडाळावयाचें आणि दारें-खिडक्या लावून घ्यावयाच्या, ही आपली जुनी चाल. मार्गशीर्ष-पौषांत, वाऱ्याच्या वाड्यांत, तिच्यामागें निश्चित हेतु होता. नवजात बालकाचें अंग थंडींत झटकन् निवतें हें खरेंच आहे. परंतु तीच चाल वैशाखांत पाळणें म्हणजे हेतु सोडून कवच धरून ठेवणें होय. उन्हाळ्यांत शेगडी व धुरी दोन्ही वर्ज्य करावीं. धूर तर कोणत्याच ऋतूंत कोवळ्या फुप्फुसांस हितकर नाहीं. पातळ, धुवून मऊ झालेलें सुती झबलें एवढें एकच वस्त्र पुरे. घरांत कुंचीची गरज नाहीं, कारण लहान मुलाच्या डोक्यावाटेंच बरीच उष्णता बाहेर पडत असते. मुलास उकडतें कीं काय हें हातापायांवरून पाहूं नये, ते फसवितात. मानेमागें किंवा छातीवर तळवा ठेवून पाहावें. तेथें घाम वा कढतपणा लागला तर एक वस्त्र कमी करावें. पंखा लावण्यास हरकत नाहीं, झोत मात्र तोंडावर नसावा. घामोळें आलें तर पावडरीचे थर देऊं नयेत. ती श्वासाबरोबर आंत जाते. साध्या पाण्यानें अंग पुसून कोरडें करावें व हवा लागूं द्यावी, एवढा उपाय बहुधा पुरतो.

पाण्याच्या प्रश्नांत मात्र आम्ही सुनेच्या बाजूचे आहों. सहा महिन्यांच्या आंतील मुलास आईच्या दुधावांचून दुसरें कांहीं देऊं नये, कडक उन्हाळ्यांतही नाहीं, असें जागतिक आरोग्य संघटना सांगते. आईच्या दुधांत सुमारें ८८ टक्के पाणीच असतें. वरचें पाणी पाजल्यानें इवलें पोट भरतें व मूल दूध कमी पितें. पाणी फार झालें तर रक्तांतील क्षाराचें प्रमाण उतरून झटकेही येऊं शकतात. आणि उन्हाळ्यांत दूषित पाण्यानें जुलाब होण्याचें भय निराळेंच. मधाचें बोटही वर्षाच्या आंत नको. परंतु आजीच्या म्हणण्यांतला सत्यांश असा कीं, उन्हाळ्यांत मूल अधिक तहानेलें असतें. म्हणून त्यास अधिक वेळां अंगावर घ्यावें, आणि पाणी मुलास न देतां मुलाच्या आईस द्यावें. प्रत्येक वेळीं पाजावयास बसतांना तिच्याजवळ पाण्याचा तांब्या भरून ठेवणें हें घरांतील सासूचें किंवा नवऱ्याचें काम समजावें. पहिल्या आठवड्यानंतर दिवसाकाठीं सहा किंवा अधिक वेळां लंगोट भिजत असेल, तर पाणी पुरतें आहे असें समजण्यास हरकत नाहीं.

सहा महिन्यांनंतर उकळून निवविलेलें पाणी घोट-घोट देत जावें. मूल मागेल तेव्हां देऊं, असें म्हणूं नये. खेळांत गुंतलेल्या मुलास तहानेचें भान नसतें. वर्ष उलटलेल्या मुलांस ताजें ताक, कैरीचें पन्हें, कोकमाचें सरबत, बिया काढलेलें कलिंगड हें सर्व उत्तम. आजीचें हें शास्त्र आजही पहिल्या प्रतीचें आहे. रस्त्यावरचा बर्फाचा गोळा मात्र नको, कारण तो बर्फ कोणत्या पाण्याचा हें कोणीच सांगूं शकत नाहीं.

जुलाब-वांत्या होऊन पाणी कमी झालें असतां जीवनक्षारांचें पाणी द्यावें. या साध्या उपायाची थोरवी १९७१ सालीं प्रत्ययास आली. पूर्व बंगालच्या निर्वासितांत पटकी पसरली असतां बनगांवच्या छावणींत डॉ. दिलीप महालनबीस यांनीं मीठ-साखरेचें पाणी पाजून असंख्य रोगी वांचविले. पुडी हातीं नसेल तर एक लिटर उकळून निवविलेल्या पाण्यांत साखर सहा सपाट लहान चमचे व मीठ अर्धा सपाट चमचा विरघळवावें. मीठ अधिक पडूं देऊं नये. बाजारांत फळांच्या रसाच्या डब्यांवर 'ओआरएस' हीं अक्षरें छापून साखरेचें पाणी विकलें जात असे. २०२५ च्या ऑक्टोबरांत केंद्रीय अन्नसुरक्षा प्राधिकरणानें त्यास मनाई केली. तरीहि पुडी घेतांना जागतिक आरोग्य संघटनेच्या सूत्राचा उल्लेख आहे ना, तें वाचूनच घ्यावी.

उन्हाळा सर्वत्र सारखा नसतो, हेंही ध्यानांत ठेवणें अवश्य आहे. अकोला, जळगांव, चंद्रपूर या बाजूस हवा कोरडी. तेथें वाळ्याच्या ओल्या पडद्यांतून येणारा वारा खोली निववितो, कारण पाणी वाफ होतांना उष्णता घेऊन जातें. रत्नागिरी, मुंबई, पणजी येथें हवाच पाण्यानें जड असते. तेथें ओला पडदा वा कूलर लावला तर खोली निवण्याऐवजीं अधिकच कोंदट होते, आणि घामही वाळत नाहीं. म्हणून कोंकणांत वाऱ्याची येजा हाच मुख्य उपाय, आणि देशावर व वऱ्हाडांत ओलावा व सावली हा. किनाऱ्यावर पारा ३७ अंशांवर गेला व नेहमींच्या मानाहून साडेचार अंशांनीं अधिक झाला, तरी हवामान खातें त्यास उष्णतेची लाट म्हणतें. सपाट मुलुखांत हीच मर्यादा ४० अंशांपासून सुरू होते. १६ एप्रिल २०२३ रोजीं खारघर येथील उघड्या मैदानावरच्या समारंभांत उष्माघातानें चौदा माणसें दगावलीं, तीं विदर्भांत नव्हे, समुद्रापासून हांकेच्या अंतरावर. "आमच्याकडे कोठें पंचेचाळीस होतें?" असें म्हणून किनाऱ्यावरच्या लोकांनीं निर्धास्त राहूं नये.

ओल्या कापडाची एक गोष्ट येथेंच सांगतों. बाबागाडींतल्या मुलास ऊन लागूं नये म्हणून वरून कोरडें फडकें टाकण्याची रीति आतां पुष्कळ ठिकाणीं दिसते. २०२३ सालीं सिडनी विद्यापीठांतील संशोधकांनीं मोजून पाहिलें, तेव्हां कोरड्या मलमलीनें झांकलेल्या गाडींतली हवा सुमारें अडीच अंशांनीं वाढलेली आढळली, आणि तीच मलमल ओली ठेविली तेव्हां चार अंशांहून अधिक उतरलेली. झोळीवर किंवा पाळण्यावर जाड चादर टाकणाऱ्यांनीं हें ध्यानांत घ्यावें. वारा कोंडला जाईल असें आच्छादन मुलावर घालूं नये.

प्रत्यक्ष उन्हाविषयीं सांगावयाचें तर, सहा महिन्यांच्या आंतील मुलास उन्हांत नेऊंच नये. त्याची त्वचा फार पातळ असते, आणि उन्हाचीं मलमें या वयांत सहसा लावीत नाहींत. सावली व सैल सुती वस्त्र हेंच त्याचें मलम. त्याहून मोठ्या मुलांस सकाळीं अकरापासून सायंकाळीं चारपर्यंत घरांत ठेवावें. बाहेर न्यावयाचें तर रुंद काठाची टोपी, पूर्ण बाह्यांचा पातळ सदरा व पायांत चपला असाव्या. बागेंतली लोखंडी घसरगुंडी व रबराची फरशी दुपारीं इतकी तापते कीं कोवळी कातडी भाजून निघते. मुलास सोडण्यापूर्वीं आपला तळहात तेथें टेकवून पाहावा. कोवळ्या उन्हांत बाळाला न्यावें, नाहीं तर हाडें कच्चीं राहतात, असें आजी म्हणते. सूर्यप्रकाशानें 'ड' जीवनसत्त्व तयार होतें हें सत्यच आहे. परंतु तें करणारे किरण सकाळच्या कोवळ्या उन्हांत थोडे असतात, आणि ते जेव्हां पुरेसे असतात तेव्हांचें ऊन उन्हाळ्यांत बाळास सोसत नाहीं. यासाठीं पहिलें वर्षभर 'ड' जीवनसत्त्वाचे रोज ४०० एककांचे थेंब द्यावे असें आपल्याकडील बालरोगतज्ज्ञांचें सांगणें आहे. डॉक्टरांस विचारून ते सुरू करावे, म्हणजे हाडांची काळजी मिटते आणि बाळ सावलींत राहतें.

आतां मोटारीविषयीं. "दोन मिनिटांत भाजी घेऊन येतों" म्हणून निजलेलें मूल बंद मोटारींत ठेवून जाणें, याइतकें घातक कृत्य दुसरें नाहीं. २००५ सालीं अमेरिकेंत प्रसिद्ध झालेल्या मोजमापांत असें दिसलें कीं, उन्हांत उभ्या मोटारींतील हवा तासाभरांत सरासरी २२ अंशांनीं तापते, आणि त्यांतली चार-पंचमांश वाढ पहिल्या अर्ध्या तासांतच होते. कांच बोटभर खालीं ठेविल्यानें कांहीं साधत नाहीं. मूल जागें झालें, रडलें, तरी कांचेंतून तो आवाज बाजारांत कोणास ऐकूं यावा? एक क्षणही मूल मोटारींत एकटें ठेवूं नये, हा नियम अपवादावांचून पाळावा. फटफटीवर पुढें उभ्या केलेल्या मुलालाही दुपारची झळ तोंडावर बसते. तो प्रवास सकाळीं आठाच्या आंत उरकावा.

आमच्या समाजांत वैशाख-ज्येष्ठ म्हणजे लग्नांचे व मुंजींचे दिवस. आठ वर्षांचा बटु. डोक्याचें वपन झालेलें, मातृभोजनानंतर बराच वेळ पोटांत कांहीं नाहीं, पुढें होमाची धग, भोंवतीं माणसांची दाटी, आणि सायंकाळीं भिक्षावळ. संस्कार व्हावा, विधिपूर्वक व्हावा, याविषयीं आमचें दुमत नाहीं. परंतु मुहूर्त निवडतांना पंचांगाबरोबर घड्याळही पाहावें. सकाळचा मुहूर्त मिळत असेल तर तोच धरावा. मधूनमधून बटूस पाणी पाजावें. त्यानें कोणतेंही व्रत मोडत नाहीं. त्याची बैठक होमाच्या धुराच्या दिशेस नसावी, आणि उन्हांत नेतांना मुंडण केलेल्या डोक्यावर ओलें उपरणें असावें. कार्यालयांत तान्हीं मुलें घेऊन येणाऱ्या लेकी-सुनांसाठीं वाऱ्याची एक शांत खोली यजमानांनीं राखून ठेवावी. आहेराच्या खर्चाच्या मानानें ही गोष्ट कांहींच नाहीं, आणि तिचें पुण्य मात्र मोठें आहे.

इतकी काळजी घेऊनही ऊन बाधलें तर तें कसें ओळखावें? मूल नेहमींपेक्षां मलूल दिसतें, दूध ओढीत नाहीं, ओठ व जीभ कोरडी पडते, सहा-आठ तासांत लघवी होत नाहीं, रडतांना डोळ्यांस पाणी येत नाहीं, आणि तान्ह्या मुलाची टाळू खोल गेलेली दिसते. यांतलें कांहीं दिसलें तर त्याच दिवशीं डॉक्टर गांठावा. तीन महिन्यांच्या आंतील मुलास ३८ अंश (म्हणजे १००.४ फॅरनहाईट) किंवा अधिक ताप असेल, तर तो उन्हाचाच असें घरीं ठरवून स्वस्थ बसूं नये.

अंग चटके बसण्याइतकें तापलें, मूल भ्रमिष्टासारखें वागूं लागलें, झटके आले किंवा हांकेस ओ देईनासें झालें, तर तो उष्माघात समजावा. तेथें मिनिटांचा हिशेब असतो. १०८ क्रमांकावर गाडी बोलवावी. परंतु ती येईपर्यंत हात जोडून उभें राहूं नये. मुलास सावलींत न्यावें, कपडे उतरवावे, नळाच्या साध्या थंड पाण्यानें सर्वांग भिजवावें व सारखा वारा घालावा. ओली पंचा-टॉवेलें मान, काखा व जांघा येथें ठेवून वरचेवर बदलावीं. शुद्ध नसलेल्या मुलाच्या तोंडांत पाण्याचा थेंबही घालूं नये. तो श्वासनलिकेंत जातो. नेहमींचीं तापाचीं औषधें येथें निरुपयोगी आहेत. कांद्याचा रस तळपायांस चोळण्यांत जी दहा मिनिटें जातात, तींच दहा मिनिटें अंग भिजविण्यांत घालविलीं तर मूल वांचण्याचा संभव अधिक.

शेवटीं एक विनंती. आपलें मूल सावलींत निजलें असतां, आपल्याकडे भांडीं घासावयास येणाऱ्या बाईचें मूल जिन्यांत बसलेलें असतें, आणि समोरच्या नव्या इमारतीच्या कामावरच्या मजुरणीचें तान्हें मूल पत्र्याच्या आडोशास झोळींत टांगलेलें असतें. पत्र्याखालची हवा झोळींतल्या मुलास कशी लागत असेल, हें वरील विवेचन वाचणाऱ्यास निराळें सांगावयास नको. घरांतली एक थंड कोपऱ्याची जागा, माठांतलें पाणी, एखादें जुनें पातळ सुती वस्त्र, एवढें देण्यास श्रीमंती लागत नाहीं. ज्या घरांत सासू-सुना आपला वाद मिटवून पाळणा खालच्या खोलींत नेतील, आणि दारांतल्या परक्या मुलासही दुपारीं आंत घेतील, त्या घरचा उन्हाळा सुखाचा जाईल.